साडूने विकलेला प्रोपेलर

रेवसच्या रस्त्याला लागून माझं यार्ड आहे. ट्रकच्या रांगेमागे पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये विमान आहे. बघायला येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. उडतं का? आणि किती गेले?

उडत नाही आणि उडणारही नाही. परवानगी कुणी देणार नाही, मी मागितलेलीही नाही. किती गेले याचं उत्तर मी माणूस बघून देतो. जमीन विकायला आलेला असला तर कमी सांगतो, उसने मागायला आलेला असला तर आणखी कमी, आणि बायकोच्या माहेरचा असला तर चहा मागवून विषय बदलतो. खरा आकडा मलाही माहीत नाही. मुद्दामच बेरीज केलेली नाही.

विमान दोन आसनांचं आहे. एक आसन पुढे, एक मागे, दोन्ही उघडी. पंखांच्या दोन जोड्या एकावर एक. सांगाडा लाकडाचा आणि लोखंडी नळ्यांचा, वरून ताणून बसवलेलं कापड. हवाई दलातली पोरं एके काळी याच्यावर विमान चालवायला शिकायची. पुढे सैन्याने ते काढून टाकलं, एका फ्लाइंग क्लबकडे आलं, आणि क्लबनेही एका झाडाखाली सोडून दिलं.

आमचं घराणं मिठागरातलं. वडील दुसऱ्याच्या आगरात मीठ ओढायचे आणि शाळा सुटली की आम्हीही तिथेच. त्या वेळी खाडीवरून अशी छोटी विमानं सराव करत जायची, इतकी खाली की आतल्या माणसाचं डोकं दिसायचं. मिठाच्या चकाकीने सगळे मान खाली घालून काम करायचे. मी वर बघायचो आणि त्यापायी पाठीत धपाटा खायचो. मला वैमानिक व्हायचं होतं असं मुळीच नाही. मला ते यंत्र हवं होतं. हात लावून बघायला, आपलं म्हणायला. पुढे मी भंगारात पडलो, एका ट्रकचे बरेच ट्रक झाले, आणि त्या क्लबचा लिलाव निघाला तेव्हा मी जनरेटर घ्यायला गेलो होतो.

बरोबर साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंद्यात आमची पार्टनरशिप होती. नात्याने मोठा म्हणून मी त्याला भावजी म्हणतो, अहोजाहो करतो. शिव्या दिल्या तरी अहोजाहोनेच देतो. झाडाखालचं विमान बघून तो म्हणाला, "लाकूड आन् चिंध्या. ह्याला किलोचा भाव बी न्हाय यायचा." मीही लिलाववाल्यासमोर तेच म्हणालो, फक्त मोठ्या आवाजात, आणि जनरेटरच्या लॉटवर ते जवळजवळ फुकट पाडून घेतलं. पंख सोडवून ट्रेलरवर घालून आणलं. पेणच्या नाक्यावर लोक मोबाइल घेऊन धावत होते. याहून मोठी बोली मी आयुष्यात अनेकदा मारली असेन, पण घरी येईपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारी बसून गात आलो ती हीच.

पुढच्या महिन्यात मी गुजरातला तुटलेल्या जहाजांचा माल बघायला गेलो. परत येऊन शेडमध्ये गेलो तर विमानाचं नाक बोडकं. पुढचा लाकडी प्रोपेलर गायब.

"भावजी, प्रोपेलर कुठाय?"

"त्यो? इकला."

"विकला?"

"मुरुडच्या एका लॉजवाल्याला. शोभेला टांगनार हाय. भाव बग की काय आनलाय! अर्धं तुझ्या खात्यात टाकलं."

"मला न विचारता?"

"आरं, भंगारातला माल इकाया आपुन कवापासून इचाराया लागलो?"

आता हे खरं आहे की आमच्या यार्डात ज्याला गिऱ्हाईक मिळेल त्याने माल काढायचा, दुसऱ्याला विचारत बसायचं नाही, असा नियम होता. तो मीच केला होता. साडू हे पुढे चार लग्नांत सांगत फिरला. पण नियम मालाला होता. विमान माल नव्हतं. भंगाराची शेड सोडून मी त्याला वेगळी शेड बांधली, वर पंखा लावला, खाली लादी घातली. एवढं बघूनही ज्याला कळत नाही त्याला काय सांगायचं? माझा आवाज त्या दिवशी फेरीच्या धक्क्यापर्यंत गेला असं लोक म्हणतात. पार्टनरशिप मोडली. वजनकाटा माझ्याकडे राहिला, तीन ट्रक त्याच्याकडे गेले. दोन्ही बहिणी मात्र रोज संध्याकाळी फोनवर बोलत राहिल्या, जणू काही झालंच नाही.

मी हट्टाने कामाला लागलो. सैन्याची जुनी विमानं नीट करणारे शौकीन लोक मुंबईत आहेत, त्यांच्यातल्या एकाला बोलावून दाखवलं. त्याने शेडला चक्कर मारली, आमच्याकडची कोलंबी पोटभर खाल्ली आणि म्हणाला, "हा छंद पैसेवाल्यांचा आहे." मी त्याला भाऊच्या धक्क्याच्या बोटीत बसवून दिलं. तिकीट मी काढलं नाही.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे लवकरच कळलं. सुटे भाग इंग्लंडहून मागवायचे. तिथल्या लोकांना घासाघीस कळतच नाही. एका रबरी नळीची किंमत ट्रकच्या टायरच्या जोडीएवढी. मी अर्ध्या भावाने मागितली. त्यांनी आभार मानून तीच किंमत परत कळवली. मी पाऊण केली. पुन्हा आभार, पुन्हा तीच किंमत. मी रागावून लिहिलं, तर त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. चिडणाऱ्याशी मला लढता येतं, रडणाऱ्याशीही येतं. आभार मानणाऱ्याशी कसं लढायचं? नळी त्यांच्याच भावाने आली.

पंखांच्या फासळ्या लाकडाच्या होत्या, काही वाळवीने खाल्लेल्या. त्यासाठी मी थळचा एक म्हातारा सुतार आणला. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. त्याने कुजलेल्या फासळ्या काढून नव्या इतक्या सुबक बसवल्या की मी त्याला कबूल केल्यापेक्षा जास्त मजुरी द्यायचा विचार केला. दिली नाही, पण विचार केला. काम संपताना तो म्हणाला, "शेट, लाकूड कोरडं हाय. ह्याला तेल पाजाया पायजे."

"कसलं?"

"मुशीचं. आमी होडीला पाजतो तेच. शंभर वर्सं वाळवी हात लावनार न्हाय."

मला ते पटलं. आमच्या भागात कुणाला पटलं नसतं? मुशी मासळीच्या काळजाचं तेल लाकडात मुरलं की खारं पाणीही त्याचं काही करत नाही, हे लहानपणापासून बघितलेलं. मीच डबे आणून दिले. चारही पंखांना आत-बाहेर, फटीफटीतून, दोन-दोन हात तेल. चकचकीत दिसायला लागलं. मग त्याच्यावर इंग्लंडहून आलेलं कापड ताणून शिवलं आणि कापड घट्ट करणारं रोगण मारून पंख विमानाला चढवले.

दोन दिवसांत प्रत्येक फासळीवर रोगणाला फोड आले. तेल कापडातून वर यायला लागलं. रोगण सुकेना, कापड धरेना. आणि वास! आसपासच्या वाड्यांतली सगळी मांजरं शेडमध्ये जमली. विमानाच्या खालच्या पंखावर ओळीने बसून कापड चाटत होती. हाकललं की वरच्या पंखावर जायची. बायको दारातून बघून म्हणाली, "अहो, पायलट बरेच आलेत."

सुतार खाली बसला आणि हसायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो, तर म्हणाला, "शेट, हवेतल्या होडीचं मना काय ठाव? पन वाळवी न्हाय लागनार, ह्ये लिहून देतो." मग मलाही हसू आलं. कापड सगळं गेलं. फासळ्या घासून, सोड्याने धुऊन, उन्हात वाळवूनही तेल निघता निघेना. चारही पंख आजही भिंतीला टेकून उभे आहेत, नुसते सांगाडे. भर दुपारी पत्रा तापला की अजून वास येतो. पाहुणे नाक मुरडतात. मला आता त्याचं काही वाटत नाही.

पण त्यामुळे एक ठरलं. सगळं विमान एकदम उभं करायचा नाद सोडला. निदान त्याचं इंजिन एकदा, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या आवाजाने चालायला हवं. एवढंच झालं तरी पुरे.

इंजिनसाठी माणूस मिळाला माणगावच्या बाजूचा, हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. सगळे त्याला फौजी म्हणायचे. वर्षभर दर शनिवारी एसटीने यायचा. ठिणगी देणारी यंत्रं त्याने दोनदा उघडून पुन्हा गुंडाळून घेतली, टाकी बदलली, एकेक नळी बघितली. मी मध्ये मध्ये खर्चावरून चिडायचो. तो पाना खाली ठेवून शांत उभा राहायचा आणि मी संपलो की पाना उचलायचा. एका शनिवारी त्याने हात पुसले.

"शेठ, इंजिन तयार आहे. आता प्रोपेलर आणा."

"आधी चालवून तर दाखवा."

"त्याच्याशिवाय चालत नाही. याला स्टार्टर नाही. प्रोपेलर हाताने फिरवूनच हे सुरू होतं, आणि त्याच्या वजनावरच फिरत राहतं."

"नवा मागवला तर?"

त्याने इंग्लंडचा भाव सांगितला. तेवढ्यात जुना ट्रक येतो. आणि तिथे घासाघीस नाही हे मला माहीत होतं. म्हणजे मुरुडला जायचं. साडूने केलेली घाण माझ्या पैशाने निस्तरायची. दोन दिवस मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गाडी काढली.

मुरुडचा तो लॉज नारळाच्या वाडीत आहे. पुढे जेवणाचा हॉल, पुढ्यात समुद्र. हॉलमध्ये मधोमध छताला माझा प्रोपेलर आडवा टांगलेला, पॉलिश केलेला, खाली पर्यटक सुरमई खात बसलेले. मालक माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, स्वभावाने गोड. त्याने चहा मागवला. मी वर बघून सहज विचारलं, "ते काय टांगलंय, होडीचं वल्हं?"

"विमानाचं वल्हं आहे, शेठ," तो म्हणाला. "तुमच्याच विमानाचं."

मी कप खाली ठेवला.

"तुमच्या साडूंचा काल फोन आला होता. त्यांना मेहुणीकडून, म्हणजे तुमच्या घरातूनच कळलं, तुम्ही निघणार म्हणून. ते म्हणाले, एक गडी येईल. आधी माल ओळखतच नाही असं दाखवील."

"बरं."

"मग खोट काढील."

"लाकडाला चीर गेली आहे, ती काय खोटी आहे?" मी म्हणालो.

"मग आवाज चढवील."

"आवाज माझा आहेच असा!" टेबलावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं.

"मग उठेल आणि गाडीपर्यंत जाईल," तो म्हणाला. मी तोवर उठलो होतो. "दार उघडून उभा राहील, बोलवायची वाट बघत. बोलवायचं नाही, म्हणाले. आपसूक परत येतो."

मी खाली बसलो. पंचवीस वर्षं ज्या माणसाला बाजूला बसवून सौदे केले त्याने माझं सगळं दुकान फोनवरून उघडं केलं होतं. मला दुसरी तऱ्हा येतच नव्हती. मालक खदखदून हसत होता, आणि मेहेरबानी म्हणजे, कौतुकाने हसत होता.

"भाईजान, सरळ सांगतो," मी म्हणालो. असं मी सहसा म्हणत नाही. "इंजिन तयार आहे. हा नसेल तर ते सुरू होणार नाही."

"अल्ला कसम, विकायचा नाही मला. लोक याच्याखाली फोटो काढतात. कोल्हापूरहून, पुण्याहून येतात, विचारतात, तो पंखेवाला लॉज कुठला?"

मी वर बघत राहिलो. तो साखळीने टांगला होता, मधल्या मूळच्याच भोकातून साखळी ओवून. "दिवे नाही लावलेत याला," मी म्हणालो. "बरं केलंत."

"लावणार होतो. दोन्ही टोकांना भोकं पाडून बल्ब. पण तुमच्या साडूंची अट होती ना. लाकडाला भोक पाडायचं नाही, एक खिळासुद्धा मारायचा नाही. विकताना माझ्याकडून कबूल करून घेतलं."

हे ऐकून कुणाचंही मन विरघळलं असतं. बायकोचं विरघळलं. मी घरी सांगितलं तेव्हा तिने लगेच बहिणीला फोन लावला. माझं म्हणणं वेगळं आहे. भोक पाडू नका असं ज्याने बजावलं, त्याला ती वस्तू काय आहे हे पक्कं माहीत होतं. न कळून विकली असती तर मी सोडून दिलं असतं. कळून विकली. गुन्हा मोठा झाला, लहान नाही. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घ्या."

तिथे हॉलमध्ये मात्र मला एक सुचलं. लॉजवाल्याला प्रोपेलर नको होता, फोटो काढायला काहीतरी हवं होतं. माझ्या यार्डात जहाजाचं एक सुकाणूचक्र पडलं होतं. सागवानी, पितळी कड्या, माणसाच्या छातीएवढं. मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. समोर समुद्र, समुद्रात किल्ला, आणि हॉलमध्ये जहाजाचं चाक. हे त्याचं त्यालाच दिसायला लागलं होतं. मी एक शब्दही बोललो नाही. साडूने त्याला माझ्या बोलण्याबद्दल सावध केलं होतं, गप्प बसण्याबद्दल नाही, कारण गप्प बसलेलं त्याने मला कधी बघितलंच नव्हतं.

"आणि वर काय देणार?" शेवटी त्याने विचारलं.

वर थोडं द्यावं लागलं. पण इंग्लंडच्या भावापुढे ते काहीच नव्हतं. ते चाक कुठल्या जहाजाचं, हे त्याने विचारलं नाही. वाळू वाहणाऱ्या बार्जचं होतं. मी सांगितलं नाही.

फौजीने प्रोपेलर बोटांनी ठोकत ठोकत टोकापासून टोकापर्यंत तपासला. चीर वरच्या पॉलिशची निघाली. मग मधून दांडा घालून दोन टेबलांच्या मध्ये तोलून धरला. कुठल्याही बाजूला झुकला नाही. "ठेवणाऱ्याने नीट ठेवलाय," तो म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इंजिन चालवायचं ठरलं एका रविवारी सकाळी. बायकोने बहिणीला जेवायला बोलावलं, म्हणजे साडूही आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्ही एकमेकांना नमस्कार केला, जसा पुढाऱ्यांना करतात. विमान शेडबाहेर ढकलून चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागे ट्रकला दोरखंडाने बांधलं. बायकोने नारळ फोडला. प्रोपेलरला लिंबू-मिरची बांधायला निघाली ती फौजीने थांबवली. म्हणाला, "वहिनी, फिरायला लागला की लिंबू गोळीसारखं जाईल." मग तिने ते ट्रकलाच बांधलं.

"आता शेपटीवर एक वजनदार माणूस पाहिजे," फौजी म्हणाला. "जोर आला की शेपटी उचलते. दाबून धरायला लागेल. घट्ट धरणारा हवा, भिणारा नको."

मी आजूबाजूला बघितलं. "भावजी," मी म्हणालो, "या तुम्ही. तुमच्याइतका भरवशाचा कोण आहे?"

त्याची छाती फुगली. जाऊन शेपटीवर दोन्ही हात टाकून पालथा पडला. विमानाच्या मागे उभं राहिलं की काय होतं, हे फौजीने मला आदल्या शनिवारी सांगितलं होतं. साडूला कुणी सांगितलं नव्हतं.

फौजीने प्रोपेलर हाताने फिरवला. काही नाही. पुन्हा. खोकल्यासारखा एक आवाज आणि गप्प. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की चाललं नाही तर नाही, शेवटी भंगारच आहे. तेव्हा कळलं की ते खरं नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने ओढला, मागे सरला, आणि ते धडधडलं. निळ्या धुराचा लोट उठला. प्रोपेलर दिसेनासा झाला, नुसतं हवेत एक पुसट वर्तुळ उरलं. आवाज ट्रकसारखा नव्हता. ट्रक गुरगुरतो. हे खुल्या आवाजात, दम खाऊन बोलत होतं. मिठागरातल्या त्या आवाजासारखं ते होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कानावर इतका विश्वास कोण ठेवणार? पण माझी मान वर गेली होती.

फौजीने जोर वाढवला. यार्डातली धूळ, वाळका पाला, सुतळीचे तुकडे, सगळं मागे उडालं, आणि त्याच्याबरोबर तेलाचा बारीक फवारा. बायकोची बहीण ओरडत होती, "सोडा, सोडा!" साडूने शेपटी सोडली नाही. डोळे मिटून, तोंड फिरवून, धरून राहिला.

इंजिन बंद झालं तेव्हा कानात शिट्ट्या वाजत होत्या. साडू उठला. शर्ट पाठीवर काळा, पुढून पांढरा. मिशीला पाला लागलेला.

"तुला ठाव होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ह्ये."

"मला काय माहीत, भावजी? मीही पहिल्यांदाच बघतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक शिवी घातली, जी इथे लिहिता येणार नाही. मग तो वळून प्रोपेलरजवळ गेला. थांबलेल्या पात्यावर तेलकट हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. बायकोने माझा एक शर्ट आणून त्याला दिला. तो त्याला पोटावर घट्ट बसत होता. त्यातच तो जेवला, तीन वेळा भात घेतला, आणि जेवताना फौजीला विचारत होता की शेपटी किती वजनाला उचलत नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. पार्टनरशिपही पुन्हा सुरू होणार नाही, त्याने दोनदा सुचवून झालं आहे. पण महिन्यातून एका रविवारी आम्ही इंजिन चालवतो. तेव्हा तो जुना गंजीफ्रॉक घालून येतो, न सांगता मागे जाऊन शेपटीवर पडतो, आणि ओरडतो, "व्हय, दे जोर आता!"